लिहिलेला मांडव

कांजूरमार्गला पूर्वेकडे उतरून खाडीच्या दिशेने चालू लागलात की पंधरा-वीस मिनिटांत शहर दमतं. टॉवर मागे राहतात, रिक्षावाला 'आगे नही जाएगा' म्हणून हात झटकतो, आणि मग वारा फिरलेला असेल तर कचऱ्याच्या डोंगराचा वास, नसेल तर खाऱ्या चिखलाचा वास, असा एक तरी वास पुढे येऊन तुमची चौकशी करतोच. तिथे पन्नासेक कोळी घरांची एक वाडी आहे. नकाशात तिला नाव नाही. वाडीतल्यांना त्याचं सोयरसुतक नाही, कारण त्यांना घरी जायला नकाशा लागत नाही.

पण या वाडीला वेबसाइट आहे बरं का. हसू नका. बड्याबड्या सोसायट्यांना नसेल, ती आमच्या वाडीला आहे.

पूर्वी देवळाच्या भिंतीवर काळा फळा होता. रामनाथ नावाचा एक माणूस खाडीवरून परत आला की पाय धुऊन खडू घ्यायचा आणि मंडळाचे येणारे कार्यक्रम फळ्यावर लिहायचा. अक्षर असं, की बायका भाजीची पिशवी खाली ठेवून वाचत. रामनाथ गेला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा निघाला. त्याची मुलगी हेमांगी फळ्यासमोर उभी राहिली, आणि तिला एक अक्षर लिहवेना. डोळेच भरून यायचे. शेवटी ती चुलतभावाला, म्हणजे मंडळाचा सेक्रेटरी केतनला म्हणाली, "फळा राहू दे रे. आपण वेबसाइट करू." केतनने लगेच मान डोलावली. वेबसाइट असली की मंडळ मोठं दिसतं, हे त्याला चांगलं कळत होतं.

तर त्या वेबसाइटवर दोन पानं महत्त्वाची. एक 'आगामी कार्यक्रम', दुसरं 'झालेले कार्यक्रम'. तारीख उलटली की आगामीतला कार्यक्रम आपोआप उठतो आणि झालेल्यांत जाऊन बसतो. तो खरंच झाला का, हे कुणी बघायला येत नाही. आणि दर सोमवारी सकाळी सात वाजता त्या आठवड्याची यादी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःहून जाते. वाडीतल्या मुली लग्न होऊन मुलुंडला गेल्या, घाटकोपरला गेल्या, वाकोल्याला गेल्या, तरी त्या ग्रुपवरून कुणी उठलेलं नाही.

फळा गेला, पण फळ्याचा एक नियम गेला नाही. रामनाथ सांगायचा: बाकी काहीही चुकलं तर खुशाल पुसा, पण लग्नाचा मांडव एकदा लिहिला की पुसायचा नाही. तारीख पुढे-मागे करा, जागा बदला, पण पुसू नका. लिहिलेला मांडव पुसला तर घरावर येतं. काय येतं, ते त्याने कधी सांगितलं नाही, त्यामुळे सगळे जास्तच घाबरायचे.

हेमांगी त्रेचाळीस वर्षांची. मुलुंडच्या एका शाळेत सकाळच्या सत्रात कारकून. दुपारी दोनला घरी येते, आईला जेवायला घालते, आई लवंडली की खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसते. अडीच ते चार ही तिची स्वतःची वेळ. समोर खाडी. ओहोटीला पाणी सरकतं, चिखल उघडा पडतो, त्यावर निवट्या, म्हणजे चिखलातले बोटभर मासे, टणाटण उड्या मारतात, आणि थंडीच्या महिन्यांत लांबवर गुलाबी पक्ष्यांची एक रेघ उभी असते. ऊन असं पसरतं की रेघ हलतेय की आपले डोळे हलतायत ते समजत नाही. अशा वेळी हेमांगीचं मन जागेवर राहत नसे. तशी ती लहानपणापासूनच हरवलेली. आई म्हणायची, हिला मीठ आणायला धाडा, ही समुद्र बघून येईल.

त्या वेळात ती मंडळाचे कार्यक्रम टाकायची. आणि ते टाकून झाले की स्वतःचे टाकायची. म्हणजे लावायची नाही हं, नुसते लिहून मसुद्यात ठेवायची. जगात कुणालाही न दिसणारे कार्यक्रम.

'खाडी काय म्हणते ते ऐकणे. ओहोटीची वेळ. गप्प बसता येणाऱ्यांनीच यावे.'

'गुलाबी पाहुण्यांना निरोप. रुमाल आणावेत.'

'रामनाथ यांच्या होडीला रंग देणे. होडी विकली आहे. तरीही यावे.'

आणि सगळ्यांत खाली, तीन वर्षांपासून पडून असलेला एक: 'सोनूबाई धवले गातील. मांडव आमच्या अंगणात. संध्याकाळी पाच, भरती आल्यावर. सर्वांना आमंत्रण.' सोबत जुना फोटो. हिरवं लुगडं, अंबाड्यावर अबोली, तोंड गाताना उघडलेलं.

ही सोनूबाई म्हणजे हेमांगीची आई. आणि ती साधीसुधी बाई नव्हती, धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत जी गाणी म्हणायची असतात ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. भटजी उशिरा आला तर चालायचं, धवलारणीशिवाय नवरीला पाटावर कोण बसवणार? सकाळी नाहूर स्टेशनबाहेर कोलंबी विकायची आणि संध्याकाळी मांडवात गायची, अशी सोनूबाईची तीस वर्षं गेली. दोनशे लग्नं तरी लावली असतील तिने. मग बेंजो आला, डीजे आला, हॉल आले, आणि हळूहळू सोनूबाईच्या दाराशी विडा यायचा थांबला.

विडा म्हणजे आमंत्रण. पाच पानं, सुपारी, नारळ, मूठभर तांदूळ. तो आल्याशिवाय सोनूबाई गात नसे. स्वयंपाक करतानासुद्धा नाही. सासूने तिला धवले दिले तेव्हा तसं वचनच घेतलं होतं: विडा आला तर नाही म्हणायचं नाही, आणि विडा नसेल, नवरी नसेल, तर तोंड उघडायचं नाही.

आता नऊ वर्षं झाली होती तोंड उघडून. आणि गेल्या चार वर्षांपासून सोनूबाई विसरू लागली होती. आधी कालवणात मीठ दोनदा. मग गॅस चालू. मग हेमांगीला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक. मुलुंडचे डॉक्टर सांभाळून म्हणाले, "आज जे आहे ते उद्या असेलच असं धरून चालू नका." हेमांगी दवाखान्यातून बाहेर आली आणि रस्त्यातच रडली. तिच्या मनात एकच होतं, धवले जाणार. आईच्या डोक्यातून गेले की जगातूनच जाणार, कारण ते कुठे लिहिलेले नाहीत, आणि आपण पोटची पोर असून आपल्याला दोन ओळींच्या पुढे येत नाहीत.

तिने आईला किती विनवलं. "आये, मोबाइलसमोर म्हण ना गो. मी एकटीच आहे."

"मोबाइल विडा घेऊन आलाय काय?" सोनूबाई विचारायची, आणि विषय मिटायचा.

म्हणून तो मसुदा. वेबसाइट तारखेशिवाय काही ठेवून घेत नाही, म्हणून हेमांगी एखादा लांबचा रविवार द्यायची, आणि तो जवळ आला की पुन्हा पुढे ढकलायची. तीन वर्षं ती एकच संध्याकाळ अशी पुढे पुढे नेत होती.

फेब्रुवारीत नेमकी ढकलायची राहिली.

रविवारची दुपार होती. केतनने महिन्याचे कार्यक्रम पाठवले होते: डोळे तपासणी, रक्तदान, मुलांची चित्रकला स्पर्धा, जाळं विणायची कार्यशाळा. हेमांगीने सगळे भरले. बाहेर पाणी उतरत होतं, गुलाबी रेघ एका बाजूने विरघळत होती, आणि तिचे डोळे तिकडे लागले होते. एकेक कार्यक्रम कशाला लावत बसा, म्हणून तिने वरच्या 'सगळे निवडा'वर बोट ठेवलं, मग 'प्रसिद्ध करा' दाबलं, आणि लॅपटॉप मिटून पक्षी बघत बसली.

सोमवारी शाळेत ती हजेरीपट लावत होती, तेवढ्यात फोन. शेजारची नमिता.

"मेले, मला सांगितलं नाहीस! मुलगा कोण?"

"कुठला मुलगा?"

"गंमत करू नको हां. येत्या रविवारी तुमच्या अंगणात मांडव आहे, सोनूकाकी धवले म्हणणार आहे, आणि मुलगा कुठला म्हणून मलाच विचारतेस?"

हेमांगीने हजेरीपट बाजूला ठेवला. वाडीत धवले म्हणजे लग्न. गाण्याचा कार्यक्रम वगैरे कुणाच्या डोक्यातसुद्धा येणार नाही. आणि ज्या घरी त्रेचाळीस वर्षांची बिनलग्नाची लेक, त्या घरी मांडव म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? तिचं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं होतं. पहिल्यांदा वडील आजारी पडले म्हणून, दुसऱ्यांदा का ते त्या लोकांनी सांगितलंच नाही. मग 'बघू, बघू' करता करता बघायचंच राहून गेलं. दोनशे नवऱ्या पाटावर बसवणाऱ्या बाईची स्वतःची मुलगी राहिली, हे वाडी हेमांगीच्या तोंडावर कधी बोलली नाही. पाठीमागे बोलली असेल तर देव जाणे.

दुसरा फोन केतनचा. "वाट लावलीस तू! अध्यक्ष विचारतायत आहेर काय करायचा. आत्ताच्या आत्ता काढून टाक ते."

"काढते रे बाबा. घरी गेल्या गेल्या काढते."

पण घरी पोचली तर सोनूबाई उंबऱ्यावर बसलेली. नमिताने बातमी पोचवलीच होती. सोनूबाईचे डोळे त्या दिवशी अगदी स्वच्छ होते.

"तू मांडव लिहिलास?"

"चुकून गो आये. पुसते आता."

"बापाची लेक ना तू? लिहिलेला मांडव पुसतात काय?"

"अगो, पण लग्नच नाही!"

"ते लिहिण्याच्या आधी बघायचं होतंस."

हेमांगी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. मग तिने विचारलंच, "मग गाशील तू?"

"विडा कुठाय? नवरी कुठाय?" सोनूबाई म्हणाली. "विडा आला तर गाईन. नाय आला तर रिकाम्या मांडवात बसेन, आणि लोक हसतील, तर हसू दे. पण पुसायचं नाय."

केतनला हे कळल्यावर त्याने कपाळावर हात मारला. पण पुसायला तोही धजला नाही. काय येतं ते कुणालाच माहीत नव्हतं ना.

तर तो कार्यक्रम पानावर तसाच राहिला. त्याच्याखाली 'मी येणार' असं एक बटण होतं. चित्रकला स्पर्धेवर ते सहा जणांनी दाबलं होतं. मांडवावर मंगळवारी एकोणीस, बुधवारी सत्तेचाळीस, गुरुवारी त्र्याऐंशी. हेमांगी शाळेत, रिक्षात, स्वयंपाकघरात तो आकडा पुन्हा पुन्हा बघायची. येणारे त्र्याऐंशी, आणि नवरी एक नाही. रिकाम्या मांडवात बसलेली आई तिच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याहून जास्त भीती दुसरीच होती. आत्ता आई गायली नाही तर पुन्हा कधीच गाणार नाही.

त्या आठवड्यात दुपारी तिला डुलकी लागायची आणि तेच स्वप्न पडायचं. खाडीवर मांडव तरंगतोय, चार बांबू पाण्यात, आंब्याचे टाळे वाऱ्यावर. आत कोण आहे ते दिसायला ती पुढे जाते, आणि पाणी तेवढंच मागे सरकतं. जाग आली की खिडकीतून खरी खाडी दिसायची, आणि स्वप्न कुठे संपलं ते तिला पटकन सांगता यायचं नाही.

सोनूबाईचं वेगळंच. मंगळवारी ती सगळं विसरली. हेमांगीने सांगितलं, "आये, रविवारी मांडव आहे."

"कुणाचा गो?"

"बघू."

बुधवारी पुन्हा, "कुणाचा गो?" गुरुवारी पुन्हा. दर वेळी हेमांगी 'बघू' म्हणायची आणि तोंड फिरवायची.

शुक्रवारी संध्याकाळी दारात एक तिशीतली मुलगी उभी राहिली. अंगात ऑफिसचा कुर्ता, गळ्यात ओळखपत्र लटकलेलं, हातात रुमालाने झाकलेलं ताट. मागे चष्मेवाला एक उंच मुलगा, चपला काढाव्यात की नाही या विचारात.

"सोनूमावशी इथेच राहतात ना? मी चेतना. वाकोल्याहून आले. माझी आई याच वाडीतली, रतन. तिला ग्रुपवर दिसलं, आणि नवरी अजून कुणीच नाही हे नमिताकडून कळलं." ती एका दमात बोलून गेली. "हा सौरभ, माझा नवरा."

"लग्न झालंय तुमचं?" हेमांगीने विचारलं.

"लॉकडाऊनच्या वर्षी झालं. रजिस्टर. माणसं पाच आणि मास्क सहा. सौरभचं घर बौद्ध, विदर्भातलं. त्याच्या आईने मोबाइलवरून आमच्याकडून त्रिशरण म्हणवून घेतलं, त्यांच्या बाजूचं छान झालं. आमच्या बाजूचं राहिलं ते राहिलंच. आई अजून म्हणते, तुझ्या लग्नात कुणी गायलं नाही, तू सासरी गेल्यासारखी वाटतच नाहीस." चेतनाने ताटावरचा रुमाल काढला. पाच पानं, सुपारी, नारळ, तांदूळ. "आईने सांगितलं तसं आणलंय. काही चुकलं असेल तर सांगा. मावशी रविवारी मांडवात बसणारच आहेत, तर आमच्यासाठी गातील का?"

 हेमांगीने ताट आईपुढे नेलं.

सोनूबाईने पानं बोटाने मोजली. मग सौरभकडे बघितलं. "जवळ ये रे. चिंबोरी फोडता येते?"

"शिकलो, मावशी. आधी बोटं कापली."

"नांग्या कुणाला देतोस?"

खेकड्यातला सगळ्यांत चवदार भाग तोच. त्याने चेतनाकडे बोट केलं.

"मग झाला जावई," सोनूबाई म्हणाली, आणि तिने सुपारी उचलून कनवटीला लावली. विडा घेतला गेला. "नवरीचं नाव सांग गो पुन्हा. आणि आईचं."

"चेतना. रतनची चेतना."

"रतनची चेतना," सोनूबाईने दोनदा म्हटलं. मग रात्री जेवताना एकदा, आणि शनिवारी दिवसभर, कोलंबी सोलताना, केस विंचरताना. नाव निसटू नये म्हणून ती जपत होती, हे हेमांगीला कळत होतं आणि ऐकवत नव्हतं.

रविवारी केतननेच मांडव घातला. तोंडाने 'काय डोक्याला ताप आहे यार' चालूच होतं, पण बांबू सकाळी आठला आले, आंब्याचे टाळे आले, कुठून तरी उंबराची फांदीही आली. पाचच्या सुमारास पाणी भरत आलं. ऊन तिरपं होऊन अंगणात उतरलं आणि सगळ्यांच्या कपाळांवर तोच एक पिवळा रंग चढला. दीडशे तरी माणसं असतील. वाकोल्याहून रतन आली होती, ती आल्यापासून पदराने डोळे पुसत होती. सौरभची आई गावाहून आली होती, पांढऱ्या साडीत, शांत. चेतना पाटावर बसली. हेमांगी आईच्या शेजारी, हळदीची वाटी धरून. मोबाइलवर धवले उतरवून घ्यायचं काम तिने केतनकडे दिलं होतं.

सोनूबाईने हिरवं लुगडं नेसलं होतं. तिने डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी खोकलं.  गेले, गेले धवले, हेमांगीच्या मनात आलं.

आणि मग आवाज आला. जाडा, खरखरीत, खालच्या पट्टीतला, घरच्या जात्यासारखा.

*भरतीचा पानी गो दाराशी आला,*
*दाराशी आला नि मांडव न्हाला…*

 म्हाताऱ्या बायकांच्या माना आपोआप हलू लागल्या, मग एकीने मागून सूर धरला, मग दुसरीने. सोनूबाई अडखळली नाही. उंबराला, खाडीला, सात पिढ्यांच्या सासवांना हाक मारली. जी बाई सकाळी चहा प्यायली की नाही ते विसरत होती, ती एकामागून एक धवला काढत होती, आणि हेमांगी नुसती बघत राहिली. खूप लहान असताना आईच्या मांडीवर डोकं ठेवून, पेंगत, कुणाच्या तरी लग्नात तिने हे ऐकलं होतं. तेव्हाही स्वप्नातलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं कळत नव्हतं.

मग नाव घ्यायची जागा आली. इथे धवलारीण नवरीच्या कपाळाला हळद लावते आणि तिला आईच्या नावाने ओळख देते. सोनूबाईने वाटीत बोट बुडवलं.

*कोनाची लेक गो पाटावरी बसली,*
*कोनाची लेक गो हलदीनं हासली…*

तिचं बोट हवेत थांबलं. तिने चेतनाकडे बघितलं, मग बाजूला बघितलं. वाटी धरलेल्या हेमांगीकडे. चेहरा उजळला.

*सोनूची लेक गो, माझी हेमांगी,*
*सोनूची लेक गो, माझी हेमांगी…*

आणि हळदीचं बोट हेमांगीच्या कपाळाला टेकलं.

 रतनचा पदर तोंडावर गेला. केतनने मोबाइल तसाच धरून ठेवला, पण मान खाली घातली. हेमांगीला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. परक्या मुलीचा हक्काचा दिवस, आणि त्यात आपलं नाव. "आये," ती कुजबुजली, "आये, चेतना. रतनची चेतना."

पण तिचा हात कुणीतरी धरला होता. चेतनाने. ती पाटावर जरा सरकली आणि हेमांगीला ओढून शेजारी बसवलं. "चालू दे," ती हळूच म्हणाली. "मावशीला थांबवू नका. पाट मोठा आहे."

सोनूबाई थांबलीच नाही. आईने मुलीच्या लग्नात जे म्हणायचं असतं ते सगळं तिने म्हटलं. सासरी पाणी भरताना मला आठव. खाडी ओलांडताना मागे बघू नको. तुझी वेणी मी घातली, तुझी वाट मी बघेन. हेमांगी रडत होती, आणि रडताना हसत होती, आणि लोकांचं तिला काही वाटेनासं झालं होतं. सौरभच्या आईने उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हाताऱ्या बायकांनी चेतनाला हळद लावली, तिचं नाव घेतलं, रतनचं घेतलं. कुणाचं काही राहिलं नाही.

केतनच्या मोबाइलवर एक तास बारा मिनिटं उतरली. धवले वाचले.

सोमवारी दुपारी अडीचला हेमांगी खिडकीशी बसली. कपाळावरची हळद चोळून धुतली होती, तरी पिवळी झाक राहिलीच होती. तिने पान उघडलं. आगामीत आता डोळे तपासणी पहिली. मांडव रात्रीतून उठून 'झालेले कार्यक्रम'मध्ये जाऊन बसला होता. आईचा फोटो, उघडं तोंड, खाली कालची तारीख. तिला बरं वाटलं आणि रितंही वाटलं. बाहेर पाणी चढू लागलं होतं.

मागून पावलं वाजली. सोनूबाई आली. आज ती लवंडली नव्हती. हिरवं लुगडं घडी करून तिने छातीशी धरलं होतं.

"हेमांगी, मांडव कधी हाय गो?"

हेमांगीने वळून बघितलं. आईच्या डोळ्यांत कालचं काहीच नव्हतं. ना अंगण, ना माणसं, ना हळद. फक्त उत्सुकता होती, नवीकोरी.

'काल झाला, आये. तू गायलीस.' हे ओठांपर्यंत आलं होतं. पण मग आईने काय करायचं? लुगडं पुन्हा ट्रंकेत ठेवायचं, आणि जे आठवत नाही त्याचं दुःख करायचं? हेमांगीने लॅपटॉप जवळ ओढला. कार्यक्रम उघडला. तारखेवर बोट ठेवलं आणि पुढचा रविवार निवडला. तारीख पुढे-मागे करायला बाबांची परवानगी होती. या वेळी ती कुठेही बघत नव्हती, फक्त समोर. 'प्रसिद्ध करा.' मांडव झालेल्यांतून उठला आणि आगामीत सगळ्यांच्या वर येऊन बसला.

"येत्या रविवारी, आये."

"लिहिलास?"

"लिहिला."

"मग पुसू नको." सोनूबाई तिच्या शेजारी बसली, लुगडं मांडीवर घेऊन.  मग काहीतरी आठवल्यासारखं तिने विचारलं, "कुणाचा गो?"

"माझा," हेमांगी म्हणाली.

सोनूबाईने मान हलवली. हे तिला माहीतच होतं, अशी.

तेवढ्यात फोन वाजला. केतन. "हेमांगी, हे काय पुन्हा? कालच झाला ना? परत आगामीत कसा दिसतोय?"

हेमांगीने फोन आईच्या बाजूला धरला.  त्याला तिच्या शेजारून सोनूबाईचा आवाज ऐकू जात असावा. ती स्वतःशीच म्हणत होती, सोनूची हेमांगी, सोनूची हेमांगी, नाव निसटू नये म्हणून.

"बरं," केतन शेवटी म्हणाला. "मांडव मी सोडत नाही मग, राहू दे तसाच. या खेपेला विडा कुणी आणायचा, मी आणू?"